कॉन्टेक्स्ट स्विच : मांडलेला डाव उचलायचा कसा?

"कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे काय?" एम्बेडेड सिस्टिम्सच्या व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो. उत्तरही ठरलेलं असतं. "सर, चालू टास्कची रजिस्टर्स सेव्ह करायची आणि दुसऱ्या टास्कची रिस्टोअर करायची." एक्स्टर्नल मान हलवतात, मार्क पडतात, विषय संपतो. उत्तर चूक नाही. पण कुठली रजिस्टर्स, कुठल्या क्रमाने, ठेवायची कुठे, आणि ती ठेवण्यासाठी जो कोड चालतो तो स्वतः कुठलं रजिस्टर वापरतो, असं कोणी पुढे विचारलं की आपली बत्ती गुल! मित्रांनो, सगळा विषय त्या पुढच्या प्रश्नांतच आहे.

शब्दकोशात कॉन्टेक्स्टला 'संदर्भ' असा शब्द मिळतो, पण त्याने डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मला स्वतःला 'मांडलेला डाव' हे जास्त जवळचं वाटतं. कॉमन रूममध्ये कॅरमबोर्ड एकच आणि खेळणारे दहा, ही परिस्थिती कुठल्याही होस्टेलला नवीन नाही. समजा तुमचा गेम ऐन रंगात आहे आणि सीनियर्स आले. "दहा मिनिटं बोर्ड द्या, तुमचा डाव जसाच्या तसा मांडून देतो." तुम्ही मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढला. प्रत्येक सोंगटीची जागा फोटोत आली. पुरेसं आहे का? नाही. खेळी कोणाची होती हे फोटोत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, राणी पॉकेटमध्ये गेलेली दिसते, पण ती कव्हर झाली होती की कव्हर व्हायची बाकी होती, हे सोंगट्यांकडे बघून कळत नाही. नेमका राणी आणि कव्हर यांच्यामध्ये बोर्ड उचलला असेल तर पुढे भांडण ठरलेलं.

टास्कचंही असंच आहे. कॉन्टेक्स्ट नीट सेव्ह झाला याची कसोटी एकच : परत सुरू झालेल्या टास्कला आपण मध्ये थांबलो होतो हे कळता कामा नये. घड्याळ पुढे गेलेलं असेल तेवढंच, बाकी काही नाही. ही कसोटी ऐकायला सोपी आहे. प्रत्यक्षात 'राणी कव्हर व्हायची बाकी आहे' अशी एखादी बारीक गोष्ट राहून जाते, आणि त्याचा परिणाम कधी दिसेल याचा नेम नसतो.

आता प्रत्यक्ष चिप घेऊ. बहुतेक लॅबमध्ये कुठे ना कुठे एटीमेगा३२ पडलेला असतोच, आणि त्यावर फ्रीआरटीओएस चालते. (रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली ही छोटी रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. २०१७ पासून ती ॲमेझॉनकडे आहे, सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे.) या प्रोसेसरमध्ये आर० ते आर३१ अशी आठ बिटांची ३२ रजिस्टर्स आहेत. शिवाय स्टेटस रजिस्टर, प्रोग्रॅम काउंटर आणि स्टॅक पॉइंटर. ह्या चार गोष्टी म्हणजे आपला बोर्ड. ३२ रजिस्टर्स म्हणजे सोंगट्या, त्या कोणी विसरत नाही. स्टेटस रजिस्टर म्हणजे राणीचा हिशेब.

तो कसा, ते बघा. आठ बिटांच्या प्रोसेसरला सोळा बिटांची बेरीज एका फटक्यात येत नाही. आधी खालचे दोन बाईट ॲड या इन्स्ट्रक्शनने मिळवायचे, हातचा आला तर तो कॅरी फ्लॅगमध्ये राहतो, मग वरचे दोन बाईट आणि तो हातचा एडीसी या इन्स्ट्रक्शनने मिळवायचे. लहानपणी शिकलेली हातच्याची बेरीजच, दहाऐवजी २५६ च्या पायावर. समजा एक व्हेरिएबल २५५ आहे आणि दुसरं १. खालचे बाईट मिळवले, बेरीज २५६ झाली, ती आठ बिटांत मावत नाही, म्हणून खाली उरलं शून्य आणि हातचा एक. आणि नेमका याच क्षणी टायमरचा इंटरप्ट आला. दुसरी टास्क चालली, तिने स्वतःच्या बेरजा-वजाबाक्या केल्या, कॅरी फ्लॅग पुसला गेला. पहिली टास्क परत आली. तिची बत्तीसच्या बत्तीस रजिस्टर्स बरोबर आहेत, फक्त हातचा गेला. तिने वरचे बाईट मिळवले, शून्य अधिक शून्य. उत्तर काय? २५५ अधिक १ बरोबर शून्य!

असं किती वेळा घडेल? हिशेब करू. प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर आहे आणि टायमर टिक दर मिलिसेकंदाला, म्हणजे दोन टिकमध्ये ८००० क्लॉक सायकल. ॲड आणि एडीसीमधली फट एका सायकलची. दोघांचा ताल एकमेकांशी जुळलेला नसेल तर एखादी बेरीज नेमकी कापली जाण्याची शक्यता ८००० त एक. टास्क सेकंदाला एक बेरीज करत असेल तर सरासरी सव्वादोन तासांत एकदा. त्यातही त्या वेळी फ्लॅग खरोखर बदलला तरच चूक दिसणार. डेमो असतो दहा मिनिटांचा. लॅबमध्ये प्रोजेक्ट व्यवस्थित चालेल, एक्स्टर्नल खूश होतील, आणि तोच बोर्ड एखाद्या पंपावर किंवा भट्टीवर बसवला की आठवड्यातून एकदा उगीच वेडगळपणा करेल. कोणी बघायला जाईपर्यंत पुन्हा शहाणा! "चालवून बघितलं, चालतंय" हा पुरावा इथे उपयोगाचा नाही. काय काय सेव्ह करायचं याची यादी आधी डोक्याने पक्की करावी लागते. साध्या इंटरप्ट रूटीनमध्ये एव्हीआर-जीसीसी कंपायलर स्टेटस रजिस्टर स्वतःच सांभाळतो, म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. पण टास्क बदलणारी रूटीन 'नेकेड' लिहावी लागते, म्हणजे कंपायलरने मध्ये स्वतःचे पुश-पॉप घालायचे नाहीत. मग जबाबदारी सगळी लिहिणाऱ्याची.

आता क्रम. अडचण अशी की स्टेटस रजिस्टर सरळ स्टॅकवर पुश करता येत नाही, ते आधी एखाद्या साध्या रजिस्टरमध्ये आणावं लागतं. पण साधी रजिस्टर्स तर सगळी टास्कच्या मालकीची! घरात पाऊल ठेवायला जागा नाही आणि आवराआवर करायची आहे, अशी ही अवस्था. फ्रीआरटीओएसचा मार्ग असा : सर्वांत आधी आर० पुश करायचं. पुश इन्स्ट्रक्शन कुठल्याच फ्लॅगला हात लावत नाही, म्हणून हे चालतं. आर० मोकळं झालं, त्यात स्टेटस रजिस्टर वाचायचं. मग इंटरप्ट बंद करायचे. मग तेही पुश. त्यानंतर आर१ पासून आर३१ पर्यंत सगळी. इंटरप्ट बंद करण्याआधी स्टेटस वाचलं हेही लक्षात घ्या. इंटरप्ट चालू की बंद हा बिटसुद्धा त्याच रजिस्टरमध्ये असतो. आधी बंद करून मग वाचलं असतं तर टास्कचा मूळ बिट हरवला असता.

मध्येच एक मजेदार ओळ येते : आर१ पुश केल्यावर लगेच ते शून्य केलं जातं. का? कारण जीसीसी कंपायलर असं धरून चालतो की आर१ मध्ये कायम शून्यच असतं. पण गुणाकाराचं उत्तर प्रोसेसर आर० आणि आर१ मध्येच टाकतो. म्हणजे टास्क गुणाकाराच्या मध्यावर कापली गेली असेल तर आर१ मध्ये शून्य नाही, भलतंच काही आहे. ते जपूनही ठेवायचं आणि पुढे चालणाऱ्या सी कोडसाठी शून्यही करून द्यायचं. या एका ओळीवरून कळतं की कॉन्टेक्स्टची यादी करताना प्रोसेसरच्या डेटाशीटबरोबर कंपायलरच्या सवयीही माहीत असाव्या लागतात. आपल्या सिलॅबसमध्ये हे दोन विषय दोन वेगळ्या सेमिस्टरला येतात आणि त्यांची गाठ कधी पडतच नाही, ही वेगळी तक्रार.

प्रोग्रॅम काउंटर राहिला. तो आपल्याला सेव्ह करावा लागत नाही. इंटरप्ट येताच हार्डवेअर परतीचा पत्ता स्टॅकवर टाकतं, फंक्शन कॉल केल्यावरही टाकतं. म्हणजे आता स्टॅकवर ३२ रजिस्टर्स, एक स्टेटस आणि पत्त्याचे दोन बाईट, असे कमीत कमी ३५ बाईट जमा झाले. उरला स्टॅक पॉइंटर. तो स्टॅकवरच ठेवून उपयोग नाही. पेटीची किल्ली पेटीतच टाकून कुलूप लावल्यासारखं होईल. तो ठेवतात टास्क कंट्रोल ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रत्येक टास्कची जी नोंद कर्नल सांभाळतो त्यात, आणि तोही अगदी पहिल्या जागी. पहिल्या जागी अशासाठी की असेंब्ली कोडला ब्लॉकचा पत्ता मिळाला की पुढे काही मोजायला नको. जीन लाब्रोस यांच्या म्यूसी-ओएस-टू मध्येही स्टॅक पॉइंटर असाच पहिल्या जागी आहे.

आता गंमत बघा. पहिल्या टास्कचा स्टॅक पॉइंटर तिच्या ब्लॉकमध्ये ठेवला. शेड्युलरने ठरवलं की आता दुसरी टास्क चालवायची, म्हणजे 'सध्याची टास्क' हा पॉइंटर तिच्या ब्लॉककडे वळवला. रिस्टोअरचा कोड त्या ब्लॉकमधून स्टॅक पॉइंटर उचलतो, आर३१ पासून उलट्या क्रमाने सगळी रजिस्टर्स पॉप करतो, स्टेटस परत भरतो, शेवटी आर०, आणि मग रिटर्न. ज्या फंक्शनमध्ये शिरताना पहिली टास्क होती, त्याच फंक्शनमधून बाहेर पडते दुसरी! कुठे उडी मारलेली नाही. फक्त मध्येच पायाखालचा स्टॅक बदलला, त्यामुळे रिटर्नला सापडलेला पत्ता दुसऱ्या टास्कचा निघाला. पहिलीच्या बाजूने बघाल तर तिने एका फंक्शनमध्ये पाऊल टाकलं आणि ती तीन मिलिसेकंदांनी किंवा तीन तासांनी त्यातून बाहेर आली. पहिल्यांदा हे वाचताना डोकं गरगरतं. कागदावर दोन स्टॅक शेजारी शेजारी काढून, बोट ठेवून एकेक पुश-पॉप केल्याशिवाय हे पचत नाही. नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

इथे एक शंका यायला हवी. जी टास्क अजून एकदाही चाललेली नाही, तिचा कॉन्टेक्स्ट कुठून आणणार? कर्नल चक्क बनावट कॉन्टेक्स्ट तयार करतो. टास्क तयार होताना तिच्या रिकाम्या स्टॅकवर आधी तिच्या फंक्शनचा पत्ता परतीचा पत्ता म्हणून लिहितो, वर स्टेटसच्या जागी इंटरप्ट चालू असल्याचा बिट, मग बत्तीस रजिस्टर्सच्या जागा भरतो, आणि आर२४-आर२५ मध्ये टास्कला द्यायचं पॅरामीटर ठेवतो, कारण जीसीसी पहिलं आर्ग्युमेंट तिथेच शोधतो. जणू ही टास्क पहिल्या ओळीवर पाऊल ठेवणार इतक्यात कोणी तिला थांबवलं! त्यामुळे नवी टास्क 'सुरू' करण्यासाठी वेगळा कोड लागत नाही. सगळ्या टास्क नेहमी 'परत' येतात, कधी न गेलेलीसुद्धा.

या सगळ्याला वेळ किती? एव्हीआरवर एक पुश दोन सायकल, एक पॉप दोन सायकल. ३३ पुश आणि ३३ पॉप, १३२ सायकल, ८ मेगाहर्ट्झला साडेसोळा मायक्रोसेकंद. शेड्युलरचा वेळ वेगळा. आकडा लहान असणं ही चांगली गोष्ट आहे, पण रिअल टाइमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की हा आकडा दर वेळी तोच आहे. टास्क दोन असोत वा दहा, जपायची रजिस्टर्स तेवढीच. 'रिअल टाइम म्हणजे फास्ट' असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर रिअल टाइम म्हणजे आधी सांगता येण्यासारखं.

आता एआरएमकडे. आजकाल बरेच प्रोजेक्ट 'ब्लू पिल' बोर्डावर होतात, त्यात एसटीएम३२एफ१०३ म्हणजे कॉर्टेक्स-एम३ असतो. तिथे अर्धं काम हार्डवेअर करतं. इंटरप्ट येताच आर० ते आर३, आर१२, लिंक रजिस्टर, प्रोग्रॅम काउंटर आणि स्टेटस असे आठ शब्द, म्हणजे ३२ बाईट आपोआप स्टॅकवर जातात. नेमकी हीच आठ का? कारण एआरएमच्या कॉलिंग कन्व्हेन्शननुसार आर० ते आर३ आणि आर१२ ही रजिस्टर्स कुठल्याही फंक्शनने बिनधास्त वापरावीत असं ठरलेलं आहे. आर४ ते आर११ वापरायची असतील तर ती जपण्याची जबाबदारी वापरणाऱ्या फंक्शनची. म्हणून तिथे इंटरप्ट रूटीन साध्या सी फंक्शनसारखी लिहिता येते. पण टास्क बदलायची असेल तर आर४ ते आर११ कर्नलला स्वतः ठेवावी लागतात. साधी इंटरप्ट रूटीन काम संपवून त्याच टास्कमध्ये परतते, वापरलेलं जागच्या जागी ठेवून जाते. दुसरी टास्क मात्र परत येईल तेव्हा येईल, मधल्या काळात ती आठही रजिस्टर्स तिच्या ताब्यात.

हे काम होतं पेंड-एसव्ही नावाच्या इंटरप्टमध्ये, आणि त्याला मुद्दाम सर्वांत खालची प्रायॉरिटी देतात. कारण असं : टायमर टिक आला तेव्हा समजा यूआर्टची इंटरप्ट रूटीन अर्धवट चालू होती. तिथल्या तिथे टास्क बदलली तर ती रूटीन लटकून राहील. म्हणून टिक फक्त चिठ्ठी ठेवतो, "बदल करायचा आहे." सगळे इंटरप्ट निपटले की शेवटी पेंड-एसव्हीचा नंबर लागतो आणि तो शांतपणे डाव उचलतो. बनावट कॉन्टेक्स्टची एक खोड इथेही आहे. स्टेटसच्या शब्दात थंब बिट एक असावाच लागतो. तो शून्य राहिला तर नवी टास्क पहिल्याच इन्स्ट्रक्शनला फॉल्टमध्ये जाते. स्वतःचा छोटा कर्नल लिहू पाहणाऱ्यांनी हे आधीच भिंतीवर लिहून ठेवावं.

कॉर्टेक्स-एम४ मध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट असेल तर आणखी ३२ रजिस्टर्स आली. टास्कने ते युनिट वापरलं असेल तर हार्डवेअरची फ्रेम ३२ बाईटांवरून १०४ वर जाते आणि वर कर्नलला एस१६ ते एस३१ चे ६४ बाईट ठेवावे लागतात. एका टास्कमध्ये सहज एक फ्लोट गुणाकार टाकला की तिच्या स्टॅकची गरज एवढी वाढते. इथे स्विचच्या वेळेचेही दोन आकडे होतात. डेडलाइनच्या हिशेबात मोठाच धरावा.

एवढं सगळं झाल्यावरही काय सेव्ह होत नाही, ते सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. आमच्या विंगमधल्या एका ग्रुपने टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारा प्रोजेक्ट केला होता. एक टास्क पातळी मोजून एलसीडीवर लिहायची, दुसरी त्याच एलसीडीवर वेळ. मधूनच स्क्रीनवर चिनी-जपानी वाटावीत अशी अक्षरं यायची आणि रीसेट केल्याशिवाय जायची नाहीत. दोन दिवस कर्नलला शिव्या घालून झाल्या. कर्नल निर्दोष होता. सोळा बाय दोनची ती एलसीडी चार बिटांच्या मोडमध्ये चालवली की प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. पहिला तुकडा गेल्यावर टास्क बदलली, दुसऱ्या टास्कने स्वतःचा पहिला तुकडा पाठवला, एलसीडीने तो मागच्याचा दुसरा समजून घेतला. तिथून पुढे सगळी जोडी एकाने सरकलेली. टास्कचा कॉन्टेक्स्ट अगदी बिनचूक परत आला होता, पण एलसीडीने आतमध्ये काय लक्षात ठेवलंय ते प्रोसेसरच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. तिथे म्युटेक्स लावावा लागतो, किंवा एलसीडी एकाच टास्कच्या ताब्यात देऊन बाकीच्यांनी तिला क्यूमधून मजकूर पाठवायचा. मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे. ग्लोबल व्हेरिएबल्सचंही हेच, आणि सी लायब्ररीतल्या स्ट्र-टोकसारख्या फंक्शन्सचंही, कारण ती आपली आठवण स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवतात.

दुसरी अडचण जागेची. कॉन्टेक्स्ट टास्कच्या स्वतःच्या स्टॅकवर जातो, म्हणजे फंक्शन कॉल्सना लागेल त्यावर किमान ३५ बाईट नेहमी शिल्लक हवेत. एटीमेगा३२ मध्ये रॅम एकूण २०४८ बाईट. दहा टास्क केल्या तर ३५० बाईट नुसते डाव उचलून ठेवायला गेले. स्टॅक कमी पडला तर कॉन्टेक्स्ट शेजारच्या टास्कच्या अंगावर लिहिला जातो आणि मरते ती शेजारीण. फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅक आधी हेक्साडेसिमल ए५ या आकड्याने रंगवून ठेवायची सोय आहे. काही तास चालवून किती ए५ शाबूत राहिले ते मोजलं की कळतं पाणी कुठवर चढलं होतं.

आणि यादी बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर त्यासाठीही युक्ती आहे. फ्रीआरटीओएसच्या बऱ्याच डेमोंमध्ये 'रेग-टेस्ट' नावाच्या दोन टास्क असतात. पहिली प्रत्येक रजिस्टरमध्ये ठरलेला वेगळा आकडा भरते आणि तो तसाच आहे का हे अखंड तपासत बसते. दुसरी तेच करते, पण आकडे निराळे. दोघींचं दुसरं कामच नाही, त्यामुळे टिक कधीही आला तरी त्यांच्यापैकी कोणीतरी भरल्या रजिस्टर्सनिशी कापली जाते. एका जरी रजिस्टरची अदलाबदल झाली तर काउंटर थांबतो. पोर्ट डॉट सी मधल्या सेव्हच्या कोडमधून आर१७ ची पुश आणि रिस्टोअरमधून तिचीच पॉप, अशा दोन ओळी मुद्दाम काढून ही जोडी चालवून बघा. काउंटर थांबायला किती टिक लागतात ते मोजा. मग आर१७ परत घालून स्टेटस रजिस्टरच्या दोन ओळी काढा आणि पुन्हा मोजा.